पहिला खर्डा वर्गात, दुसरा फोनवर

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस,



मराठी माध्यमाच्या शाळेतल्या दहावीच्या इंग्रजीच्या पन्नास वह्या एकदा समोर घ्याव्यात आणि पत्रलेखनाचं पान उघडावं. मित्राला सहलीचं वर्णन कळवणारं पत्र बऱ्याच वर्गांत पन्नासच्या पन्नास वह्यांत सारखंच सापडतं. तारीख तीच, किल्ला तोच, शेवटचं वाक्यही तेच. फळ्यावर किंवा गाईडमध्ये जे होतं ते वहीत उतरलं. अक्षर सुरेख, समास आखलेला, खाली शिक्षकांची सही. आणि ज्या मुलानं ते उतरवलं, त्याला त्याच दिवशी घराजवळच्या ओढ्याबद्दल इंग्रजीत चार वाक्यं लिहायला सांगितली, तर पेन पहिल्या शब्दापाशी थांबतं.

हे पत्र त्या थांबलेल्या पेनाबद्दल आहे.

महाराष्ट्रानं २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू केलं. तेव्हा रामकृष्ण मोरे शालेय शिक्षणमंत्री होते आणि त्या निर्णयावर मोठा वाद झाला. खेड्यातल्या, मराठी शाळेतल्या मुलाला इंग्रजी उशिरा मिळू नये, असा त्यामागचा विचार होता. तो वाद आता मागे पडला आहे. मूल दहावीपर्यंत सलग दहा वर्षं इंग्रजी शिकतं. त्यातून हाती काय येतं, याचा थोडा अंदाज ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या पाहणीतून मिळतो. २०१६ साली ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्क्यांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली. आठवीत हे प्रमाण २००९ साली ६०.२ टक्के होतं, ते २०१६ मध्ये ४५.२ टक्क्यांवर उतरलं. हे आकडे देशाचे आहेत, एकट्या महाराष्ट्राचे नाहीत. शिवाय ते वाचनाचे आहेत. त्या चाचणीत मुलाला इंग्रजीत स्वतःचं एक वाक्यही लिहायचं नसतं. लेखनाची कसोटी लागते ती थेट परीक्षेत, आणि तिथे पाठ केलेलं पत्र चालून जातं.

मराठी मूल इंग्रजी लिहिताना नेमकं कुठे अडतं, हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे. मराठी वाक्य शेवटी क्रियापदावर येऊन टेकतं. इंग्रजीत क्रियापद कर्त्याच्या मागोमाग येतं. मराठीत नामाआधी ‘अ’ किंवा ‘द’ लावायची पद्धत नाही, म्हणून ‘माय फादर इज फार्मर’ हे वाक्य मराठी कानाला पूर्ण वाटतं. ‘सकाळी उठलो, आवरलं, शाळेत गेलो’ यात ‘मी’ कुठेच नाही आणि त्याची उणीवही कुणाला जाणवत नाही. कोण गेलं ते ‘गेलो’तला ‘लो’ सांगतो. इंग्रजीत कर्ता असा गाळला की वाक्य उभंच राहत नाही. ‘मला भूक लागली’, ‘मला ताप आला’, ‘मला गाणं आवडतं’ या तिन्ही वाक्यांत माणूस ‘ला’ लावून बाजूला बसलेला असतो. इंग्रजीत तोच कर्ता होऊन पुढे येतो. ‘बाजारात जाऊन, भाजी घेऊन, आजीला भेटून आलो’ ही माळ मराठीत एका दमात ओवता येते, इंग्रजीत मात्र ती उसवून वेगवेगळ्या क्रियापदांत मांडावी लागते. टेबलावरचं पुस्तक आणि झाडावरचा पक्षी यांना मराठीत एकच ‘वर’ पुरतो. इंग्रजीत पुस्तक ‘ऑन’ असतं आणि पक्षी ‘इन’.

या चुकांना शिस्त असते. मूल एका भाषेतलं ज्ञान दुसरीत वापरून पाहत असतं, आणि तसं पाहणं हे शिकण्याचंच लक्षण आहे. पण हे त्याला समजावून सांगायचं तर कुणीतरी त्याच्याच वाक्यापाशी बसायला हवं.

तिथेच सगळं अडतं. साठ मुलांचा वर्ग धरला आणि एकेका लेखनाला पाच मिनिटं दिली, तर एका वर्गाच्या वह्यांना पाच तास लागतात. एका शिक्षकाकडे असे तीन वर्ग असले तर पंधरा तास. त्यात निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, पोर्टलवर माहिती भरणं हे सगळं येतं. अशा परिस्थितीत फळ्यावर एकच नमुना लिहून देणाऱ्या शिक्षकाला दोष देणं अन्यायाचं होईल. त्यांच्यापुढे दुसरी वाट कुणी ठेवलेलीच नाही.

बरं, जीव तोडून साठही वह्या लाल केल्या, तरी काय होतं? दुसऱ्या भाषेतल्या लेखनात व्याकरणाच्या चुका दुरुस्त करून देण्याचा उपयोग होत नाही, उलट त्यानं नुकसानच होतं, असं जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये ठामपणे मांडलं. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्यांना उत्तर दिलं: नेमकी आणि समजेल अशी दुरुस्ती उपयोगी पडते. या दोघांचा वाद अभ्यासकांमध्ये पुढे बरीच वर्षं चालला. शाळेपुरतं पाहिलं तर प्रश्न साधा आहे. शिक्षकांनी खूण केली, मुलानं गुण पाहिले आणि वही बंद झाली. ती खूण वापरायची जागाच मुलाला मिळाली नाही, कारण तेच लेखन पुन्हा करायचं नसतं.

पुन्हा लिहिणं हाच लेखनाचा गाभा आहे, ही गोष्ट अमेरिकी पत्रकार आणि लेखन-शिक्षक डोनाल्ड मरे १९७२ पासून सांगत होते. लेखन ही प्रक्रिया म्हणून शिकवावं, तयार वस्तू म्हणून नव्हे, असं त्यांचं म्हणणं. व्हिव्हियन झॅमेल यांनी १९८०च्या दशकात इंग्रजी ही दुसरी भाषा असलेल्या विद्यार्थ्यांचं लेखन जवळून पाहिलं. तेही लिहिता लिहिताच आपल्याला काय म्हणायचं आहे ते शोधतात, असं त्यांना आढळलं. मराठीला हे नवं नाही. खर्डा हा शब्द आपला जुना आहे आणि कच्ची वही, पक्की वही हा भेद दुकानदारालाही ठाऊक असतो. आपल्याच खात्यातला शासन निर्णय आधी मसुदा म्हणून फिरतो, त्यावर टिपण्या येतात, शब्द बदलतात आणि मगच तो प्रसिद्ध होतो. अनुभवी अधिकाऱ्यांना मिळणारी ही सवलत परक्या भाषेत लिहू पाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला मिळत नाही. त्यानं पहिल्याच झटक्यात पक्कं लिहावं, अशी आपली अपेक्षा असते.

म्हणून हे पत्र ब्लेंडेड लर्निंगपाशी येतं. वर्गातलं शिकवणं आणि ऑनलाइन काम यांची सांगड घालणारी ही मिश्र पद्धत आता शासकीय कागदांत रुळली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तिचा पुरस्कार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२१ मध्ये काढलेल्या मसुद्यात एखाद्या अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकवण्याची कल्पना मांडली. महाराष्ट्र या वाटेवर कधी मागे नव्हता. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे बालभारतीच्या पुस्तकांतही असे कोड आले, आणि डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा मंचावर आज पाठांचे व्हिडिओ आहेत. कोविडच्या काळात राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची (एससीईआरटी) ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला फोनवर येत होती आणि सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागत होती.

ही मोलाची कामं होती. तरी त्यातला बहुतेक मजकूर वरून खाली येत होता. मूल पाहत होतं, ऐकत होतं, चार पर्यायांतून एक निवडत होतं. गणिताचा किंवा विज्ञानाचा पाठ असा काही प्रमाणात पोहोचतो. लेखन पोहोचत नाही. लेखनासाठी मजकूर मुलाकडून निघावा लागतो आणि तो वाचणारं कुणीतरी दुसऱ्या टोकाला असावं लागतं. आणि फोनचा मूळ उपयोगच निरोप पाठवण्याचा आहे. हीच मुलं संध्याकाळी एकमेकांना रोमन लिपीत मराठी निरोप पाठवतात. लिहायचा कंटाळा त्यांना नाही.

एक पंधरवडा कसा जाऊ शकतो, ते धरून पाहू. नववीचा वर्ग आहे, विषय गावचा आठवडी बाजार. पहिल्या तासिकेत आधी नुसत्या गप्पा. काटा, माप, पाटी, पाल, उधारी, घासाघीस असे शब्द फळ्यावर येतात. यातल्या काहींना इंग्रजी शब्द सापडतो, काहींना नाही. ‘पाल’ तसाच ठेवून पुढे एका वाक्यात त्याचा अर्थ सांगायचा, हेही इथेच शिकता येतं. मग वीस मिनिटं कच्च्या वहीत लेखन. हातानं, खोडरबर न वापरता. शब्द अडला तर तो मराठीत लिहून पुढे जायचं. शिक्षक बाकांमधून फिरतात, कुणाच्या वाक्यापाशी वाकतात, एखादा शब्द सुचवतात. सुटताना एका फोननं पानांचे फोटो काढले जातात आणि चार-चार मुलांच्या गटांत पोहोचतात.

पुढचे तीन दिवस फोनवरचे. प्रत्येकानं गटातल्या दोघांचं लेखन वाचायचं आणि दोनच गोष्टी सांगायच्या: अजून काय ऐकायला आवडलं असतं, आणि कुठे कळलं नाही. व्याकरणाबद्दल एक शब्दही नाही. टाइप करायचं नसेल तर आवाजात सांगायचं, मराठीत सांगितलं तरी चालेल. ‘मासळीवाल्या मावशी ओरडतात असं लिहिलंस, पण काय ओरडतात?’ एवढा एक प्रश्न मुलाला नवी चार वाक्यं लिहायला लावतो. हे मुलांवर सोपवायचं का, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. लुंडस्ट्रॉम आणि बेकर यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इंग्रजी शिकणाऱ्यांचे दोन गट केले होते. एकानं दुसऱ्यांच्या लेखनावर अभिप्राय द्यायचा, दुसऱ्यानं फक्त अभिप्राय घ्यायचा. देणाऱ्यांचं स्वतःचं लेखन अधिक सुधारलं, आणि नवशिक्यांमध्ये हे विशेष दिसलं. दुसऱ्याच्या कागदावर जे खुपतं ते आपल्याही कागदावर दिसू लागतं.

शिक्षकांनी या फेरीत साठातली पंधराच लेखनं नीट वाचायची. पाच-पाच मिनिटांनी सव्वा तास होतो. चार पंधरवड्यांत प्रत्येक मुलाची पाळी येते. त्या पंधरांतून वारंवार दिसलेल्या दोन गोष्टी निवडायच्या, समजा गाळलेला कर्ता आणि सुटलेलं ‘अ’ किंवा ‘द’, आणि त्यावर तीन मिनिटांचा आवाजी निरोप सगळ्या वर्गाला पाठवायचा. मूल तो पुन्हा पुन्हा ऐकू शकतं, आजारी असलं तरी ऐकू शकतं. दुसऱ्या तासिकेत मुलांचीच चार वाक्यं नाव न लावता फळ्यावर घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून घडवायची. मग दुसरा खर्डा लिहायचा.

हा दुसरा खर्डा शक्यतो टाइप केलेला असावा, यामागे साधं कारण आहे. वहीत मधेच एक वाक्य घालायचं तर सगळं पान पुन्हा उतरवावं लागतं, म्हणून मूल ते घालतच नाही. पडद्यावर वाक्य उचलून वर नेता येतं, परिच्छेद तोडता येतो. ग्रॅहॅम आणि पेरिन यांनी २००७ मध्ये चौथी ते बारावीच्या लेखनावरचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले, तेव्हा संगणकावर लिहिण्याचा आणि एकमेकांच्या मदतीनं लिहिण्याचा, दोन्हींचा फायदा दिसला. व्याकरण लेखनापासून तोडून वेगळं शिकवण्याचा फायदा दिसला नाही. शिवाय गूगल डॉक्ससारख्या साधनात आधीचे सगळे खर्डे जपले जातात, म्हणून आधी काय होतं आणि नंतर काय झालं ते शिक्षकांना दिसतं. हेच खरं तपासण्यासारखं आहे.

पहिला खर्डा वर्गात, हातानंच लिहिला जावा, यावर इतका भर देण्याचं कारण ३० नोव्हेंबर २०२२ पासून अधिक ठळक झालं आहे. त्या दिवशी चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं. घरी दिलेला इंग्रजी निबंध आता एका ओळीच्या विनंतीवर तयार मिळतो. त्यावर बंदीची पत्रकं काढून फार उपयोग होणार नाही. पण ज्या मुलानं वर्गात बाजाराबद्दल आठ अडखळती वाक्यं लिहिली आहेत, त्याच्याकडे स्वतःचा असा एक मजकूर असतो, आणि यंत्रानं दिलेलं लेखन त्याच्या शेजारी ठेवून तपासता येतं. मराठी परिच्छेदाचं यंत्राकडून झालेलं भाषांतर वर्गात घ्यावं आणि ‘घासाघीस’ तिथे कुठे हरवली ते मुलांनी शोधावं. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढला तो मराठी आणि इंग्रजी अशा दोन शेजारशेजारच्या स्तंभांत. दोन भाषा समोरासमोर ठेवून शिकणं या मातीत जुनं आहे. दहावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत भाषांतराचा प्रश्नही आहे. तो पाठांतराकडून अशा तुलनेकडे नेता येईल.

आता फोन कुणाच्या हातात असतो, याकडे यावं लागेल. ‘असर’नं २०२३ मध्ये १४ ते १८ वर्षांच्या ग्रामीण मुलामुलींची पाहणी केली. जवळपास ९० टक्के घरांत स्मार्टफोन होता. पण तो वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे ४३.७ टक्के, तर मुली १९.८ टक्के. नववीतली मुलगी वडील शेतातून परत येईपर्यंत थांबते, मग भावाची पाळी, मग जेवण आणि भांडी. रात्री आठच्या ऑनलाइन तासिकेला ती नसते. म्हणून या पद्धतीत कशालाही ठरावीक वेळेची हजेरी नको. तीन दिवसांत कधीही दहा मिनिटं पुरावीत. ज्यांना तीही मिळत नाहीत त्यांच्यासाठी शाळेची संगणक खोली मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावर तासभर उघडी असावी. बऱ्याच शाळांत ती खोली आहे, किल्ली मात्र कपाटात आहे. जिथे रेंजच नाही तिथे चौघांच्या गटानं वह्याच बदलून वाचाव्यात. त्यानं पद्धत मोडत नाही.

एक सावधगिरीही नोंदवायला हवी. अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी बार्बरा मीन्स आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ऑनलाइन शिक्षणावरचे प्रयोग एकत्र तपासले. नुसत्या वर्गापेक्षा मिश्र पद्धतीत शिकणाऱ्यांची कामगिरी चांगली निघाली. पण त्याच अहवालात असंही म्हटलं आहे, की मिश्र पद्धतीत मुलांना बहुधा जास्त वेळ आणि जास्त साहित्य मिळालं होतं, त्यामुळे श्रेय एकट्या माध्यमाला देता येत नाही. आपल्या खात्यानं हे वाक्य फार गांभीर्यानं घ्यावं. टॅब वाटले आणि शिक्षकांच्या वेळापत्रकात वाचायला तासिकाच ठेवली नाही, तर टॅबवरही फळ्यावरचंच पत्र उतरेल. आठवड्याला दोन तासिका इंग्रजीच्या शिक्षकांना केवळ मुलांचे खर्डे वाचण्यासाठी मिळाव्यात आणि त्या वेळापत्रकावर तशा नावानं छापलेल्या असाव्यात.

वेळेइतकाच गुणांचा प्रश्न आहे. २०१९ च्या दहावीच्या परीक्षेत भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. त्या वर्षी राज्याचा निकाल ७७.१० टक्के लागला आणि पुढच्याच वर्षापासून ८० आणि २० ची विभागणी परत आली. ते २० गुण आज शाळांच्या हातात आहेत. त्यातले पाच गुण वर्षभरातल्या तीन लेखनांच्या खर्ड्यांना द्यावेत, आणि तेही पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत मुलानं काय बदललं, हे पाहून. निर्दोष इंग्रजीसाठी ते गुण असू नयेत. दहावीच्या वर्गात ज्याला गुण नाहीत ते शिकवलं जात नाही, हे सगळ्या मुख्याध्यापकांना माहीत आहे. पाच गुणांनी शाळेतलं लेखन बदलू शकतं.

शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठी नवं काही शोधायला नको. टाटा ट्रस्ट्स आणि ब्रिटिश कौन्सिल यांच्यासोबत राज्य शासनानं राबवलेल्या ‘तेजस’ प्रकल्पात इंग्रजीचे शिक्षक नियमितपणे जवळपासच्या गटात भेटत आणि मधल्या काळात फोनवरून एकमेकांना अनुभव सांगत. म्हणजे शिक्षक स्वतःच मिश्र पद्धतीनं शिकत होते. शाळांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत अशाच गटांना पुन्हा जागा द्यावी. मात्र तिथे एक नवी गोष्ट घडावी: शिक्षकांनी स्वतः इंग्रजीत एक पान लिहावं, शेजाऱ्याला वाचायला द्यावं आणि पुन्हा लिहावं. इंग्रजीचे अनेक शिक्षक मराठी माध्यमातूनच आलेले आहेत. पेन कुठे थांबतं, हे त्यांना कुणी वेगळं सांगायची गरज नाही.

शेवटची मागणी वाचकाची आहे. ‘ज्ञानोदय’ हे अमेरिकन मिशनचं मराठी-इंग्रजी नियतकालिक. त्यात १८५५ साली फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध छापून आला. मांग आणि महारांच्या दुःखाविषयी तिनं मराठीत लिहिलं होतं. शाळेतलं लेखन शाळेबाहेरच्या वाचकापर्यंत गेलं, म्हणून ते आज आपल्याला वाचता येतं. महाराष्ट्रातल्या कितीतरी शाळांत अजूनही दर वर्षी हस्तलिखित निघतं. मुलं रंगीत कागदावर कविता लिहितात, चित्रं काढतात, आणि ते मुख्याध्यापकांच्या कपाटात जपून ठेवलं जातं. प्रत्येक शाळेच्या या हस्तलिखितात नववी-दहावीच्या मुलांच्या इंग्रजी लेखनाची आठ पानं असावीत, डाव्या पानावर पहिला खर्डा आणि उजव्या पानावर शेवटचा. त्याचे फोटो काढून तालुक्यातल्या दुसऱ्या एका शाळेला पाठवावेत, आणि तिथल्या मुलांनी त्यावर इंग्रजीत उत्तरं लिहावीत. पहिली देवाणघेवाण येत्या जूनपासून दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सहज होऊ शकते. यासाठी निधी लागणार नाही, आपल्या खात्याचं एक परिपत्रक पुरेल.

कळावे.